बिनविषाची वांगी

पौषातल्या त्या रविवारी भातकुलीच्या शेतात रोडग्यांचा बेत होता आणि मोहोडांच्या घरातलं एकूण एक माणूस दुसऱ्यावर नजर ठेवून होतं. एरवी रोडगे म्हणजे सुखाचं जेवण. पुरुषांनी गोवऱ्यांच्या आरात कणकेचे गोळे भाजायचे, बायकांनी गंजभर, म्हणजे मोठं पातेलंभर, वांग्याची भाजी रांधायची, आणि राख झटकून रोडग्यावर तूप ओतलं की भाऊबंदकीतले हेवेदावेही चार घास गप्प बसतात. पण या खेपेला भाजीची परीक्षा होती. वांगी विहिरीजवळच्या तुकड्यातली, सून दामिनीने लावलेली आणि रासायनिक खताचा कण की औषधाचा थेंब न लागलेली. ती साऱ्या पंगतीला पुरली तर तो तुकडा दामिनीकडे. नाही पुरली, तर जावई देवानंदच्या ओळखीचा माणूस तिथे लेआउट पाडायला मोकळा. दसऱ्याला आपट्याची पानं वाटता वाटता खुशालरावांनी ही अट घातली होती. सणासुदीला घरातल्या कर्त्या माणसाला असंच काहीतरी सुचतं.

सासूबाई गोदाबाई विळीवर वांगी चिरत होत्या आणि प्रत्येक फोड डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या. त्यांचा सेंद्रिय शेतीवर काडीचा विश्वास नव्हता. विश्वास होता तो त्या तुकड्यावर. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने पहिलं काम दिलं ते तिथल्या मिरचीला पाणी द्यायचं. लेक प्रणालीच्या वेळी कळा सुरू झाल्या त्याही तिथेच, हरभऱ्याची भाजी खुडताना. त्या मातीवर लेआउटचे नंबर टाकलेले दगड रोवलेले त्यांना बघवणार नव्हते. म्हणजे या खटल्यात त्या सरळसरळ सुनेच्या बाजूच्या होत्या. हे सुनेला कळू देण्यापेक्षा त्यांनी विहिरीत उडी घेतली असती, ही गोष्ट वेगळी.

दामिनी दोन पावसाळ्यांपूर्वी सेंद्रिय झाली. तिचे वडील यवतमाळकडचे. फवारणी करता करता शेतातच पडले, वाचले, पण डोळ्यांना धड दिसेनासं झालं. तेव्हापासून दामिनीने अमरावतीच्या शाळेतली नोकरी सोडली, मोबाइलवर कुठल्याशा बाईंचे धडे घेतले आणि नवऱ्याच्या, विपुलच्या, मोटरसायकलवर मागे बसून रोज भातकुलीला येऊ लागली. पहिल्या वर्षी तिने धने अख्खेच पेरले. ते रगडून फोडायचे असतात हे मोबाइलवरच्या बाईंनी सांगितलं नव्हतं आणि सासूला कोणी विचारलं नव्हतं. दोघं नवरा-बायको महिनाभर उघड्या वाफ्याला झारीने पाणी घालत होते. मग जीवामृताचा ड्रम आला. त्यात शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन. गूळ-बेसन मातीत जाताना पाहून गोदाबाईंचा जीव खालीवर झाला. तेवढ्यात दिवाळीचे लाडू वळून झाले असते. कीड मारायला दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्क अमरावतीच्या घराच्या गच्चीवर कुजत ठेवला, तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक पाण्याच्या टाकीत मांजर मेलं म्हणून शिडी घेऊन वर आले. पुढे शेतात कामगंध सापळे टांगले. मादीच्या वासाने नर पतंग भुलवायचे आणि डब्यात कोंडायचे, हे ऐकून गोदाबाई म्हणाल्या होत्या, "किड्याईचे लगनं मोडून राहिली वो बाई तू. पाप लागीन."

या वर्षी मात्र वांगी धरली. अशी धरली की रस्त्याने जाणारे गाडी थांबवून बघत. ती कशी धरली हे गोदाबाईंना ठाऊक होतं, आणि त्याबाबत त्यांची जीभ टाळ्याला चिकटली होती. दिवाळीनंतर झाडं पिवळी पडली तेव्हा त्यांना राहवलं नाही. कपाशीसाठी आणलेल्या पोत्यातला युरिया पदराखाली घेऊन त्या पहाटे येत आणि आजारी लेकराला चोरून साखर द्यावी तसा झाडाझाडाला चिमूट चिमूट देत. दामिनी यायच्या आत घरी. झाडं काळीभोर झाली. दामिनीने ते सारं श्रेय जीवामृताला दिलं, आणि गोदाबाईंनी ड्रमकडे पाहून मान डोलावली.

"वहिनी, एकाबी पानावर मावा नाही वो," प्रणाली म्हणाली. ती अकोल्याहून सकाळीच आली होती आणि आल्या आल्या वाफ्यात चक्कर मारून आली होती. नवऱ्याने तिला तेवढ्यासाठीच पाठवलं असावं. "मांगच्या रविवारी तर तुमी फोनवर रडून राहिल्या होत्या."

"ढालकिडे," दामिनीचा चेहरा उजळला. "मावा आला की ते येतात, ताई. थोडा धीर धरायचा. दोन दिवसांत सारा मावा खाऊन टाकला पाहा."

"मंग ते ढालकिडे कुठी गेले?" गोदाबाईंनी विचारलं.

"खाऊन उडाले असतील, आई."

"पंगत झाली की आपले लोकबी असेच जातात," गोदाबाई म्हणाल्या, पण विळीवरचा हात थांबला होता. मावा गेला तर गेला. मुंग्याही गेल्या, मधमाश्याही गेल्या, वाफ्यात एक चिलट म्हणून नव्हतं. सगळेच एका वेळी उडाले म्हणजे कुठे लग्नाला गेले होते की काय, हे त्यांना समजेना.

समजलं ते गयासुद्दीनमुळे. शेजारच्या शेताचे गयासुद्दीन बोरांची टोपली घेऊन बांधावर आले. अंगात पांढरा कडक शर्ट, कानात अत्तराचा फाया.

"भाभी, रोडगे तो हमारे नसीब में नहीं आज. अकोल्याले निघालो, जुन्या शहरात भाच्याची मंगनी हाये. आमची आयशाबी रस्त्यावर उभी हाये, लय घाई करून राहिली." त्यांनी टोपली खाली ठेवली. "खुशालभाऊले सांगजा, पंप विहिरीजवळ धुऊन ठेवा. सांजी आमचा फुरकान येईन न्यायले."

"कायचा पंप?"

"फवारनीचा. काल दुपारी नेला ना. तुमचा तर विपुलनं भंगारात देऊन टाकला म्हने." ते हसले. "भाऊ बोले, हरभऱ्यावर अळी हाये, जरासा मारतो."

गयासुद्दीन गेले. गोदाबाई बोरांच्या टोपलीकडे बघत राहिल्या. मोहोडांनी यंदा हरभरा पेरलाच नव्हता.

चुलीवर गंज रटरटत होता. शेंगदाण्याच्या कुटाचा, लसणाचा आणि काळ्या मसाल्याचा वास शेतभर सुटला होता. गोदाबाई पदर खोचून उठल्या. पलीकडे गोवऱ्यांचा ढीग धुमसत होता आणि खुशालराव लांब काठीने रोडगे उलथत होते. बाजूला देवानंद खुर्ची टाकून बसला होता. रोडगे भाजायला मदत म्हणून तो धुराच्या उलट बाजूला बसला होता, तेवढीच त्याची मदत.

"मामाजी, तुमी काहीबी म्हना," तो सांगत होता, "अशा रस्त्याले लागून, रोडटच जागेत वांगे लावनं म्हंजे हत्तीवर बसून शेन वेचनं हाये."

"ऐकता का," गोदाबाई म्हणाल्या. "विहिरीतली बकेट अडकली. या जरा."

"विपुलले सांग."

"तुमालेच सांगतो."

खुशालरावांनी बायकोचा आवाज ओळखला. काठी देवानंदच्या हातात देऊन ते मुकाट्याने मागोमाग आले. विहिरीच्या काठाला निळा पंप पोत्याखाली झाकून ठेवलेला होता. गोदाबाईंनी पायाने पोतं बाजूला केलं.

"हे काय हाय?"

"गयासुद्दीनचा हाय. हरभऱ्याले आणला."

"आपला हरभरा कुठी हाय औंदा? सपनात?"

खुशालरावांनी मागे वळून पाहिलं. "हळू बोल. मावा पाह्यला होता का तू? पानं आकसून गेल्ते. चार रोजात झाडं बसले असते. मंग काय देवानंदच्या मानसाले पेढे देऊ? थोडसंक मारलं. कपाशीले मारतो त्याच्या अर्धंबी नाही."

"अटबी तुमीच घालता आन चोरीबी तुमीच करता?"

"अट देवानंदचं तोंड बंद कराले घातली होती. मले काय ठावं, तो पोरीचे वांगे मोजाले येईन!" मग त्यांचा आवाज खाली आला. "रोज सकाळी पोरगी पान पान उलटून बोटानं मावा चिरडते. मले पाहवलं नाही गोदे. जीव तुटला."

गोदाबाईंना आपल्या नवऱ्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याची फार मायाही वाटली. साठ वर्षं कपाशी पिकवलेल्या माणसाचा जीव तुटला की त्याला एकच औषध माहीत, आणि ते पंपात भरायचं.

"ते समदं ठीक. पण मोनाली खाईन ते," त्या म्हणाल्या. "आपली नात खाईन. काल मारलं न् आज तोडलं."

"मिठाच्या पान्यानं धुतलं ना सकाळी. म्या सोता धुतलं. आन बजारातले वांगे का दुधानं न्हाऊन येतात? जनमभर तेच खाल्लं. मेलो का?"

"दामिनीचा बापबी मेला नाही. दिसत नाही त्याले, एवढंच."

खुशालरावांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने मान पुसली. मग कोपऱ्यात सापडलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं.

"आन तू? दिवाईपासून पदराखाली काय नेत होती?"

गोदाबाईंचा हात आपसूक पदराकडे गेला.

"मले दिसत नाही का? तुह्या युरियानं झाडं माजले. माजले म्हनून मावा आला. मावा आला म्हनून मले पंप आना लागला. सुरुवात कोनं केली?"

पन्नास वर्षांच्या संसारात त्यांचं प्रत्येक भांडण फिरून फिरून याच प्रश्नापाशी यायचं.

"मंग सांगा समद्याईले," त्या म्हणाल्या.

"सांगितलं तं जमीन गेली, समज."

"न सांगून पोट्टी गेली तं?"

"मामाजी!" पलीकडून देवानंद ओरडला. "रोडगे जळून राहिले हो!" तो काठी हातात घेऊन खुर्चीतच बसला होता.

पंगत बसायच्या आधी बांधावरच्या म्हसोबाला नैवेद्य. प्रणालीने पत्रावळ वाढून आईच्या हातात दिली. गोदाबाईंनी रोडगा ठेवला, वरण ठेवलं, तूप सोडलं, आणि भाजीचा द्रोण उचलून बाजूला ठेवला.

"आई, भाजी राह्यली देवाची."

"देवाले वांगं चालत नाही."

"कधीपासून?"

"आजपासून."

प्रणालीने आईकडे निरखून पाहिलं. देवाच्या बाबतीत आईचे नियम कधी बदलत नसत; माणसांच्या बाबतीत रोज बदलत. पण तेवढ्यात विपुलने सगळ्यांना बसा बसा म्हणून हाका मारल्या आणि विषय तिथेच राहिला.

गोदाबाई भाजीचा गंज घेऊन उभ्या राहिल्या. एका वाक्यात सगळं थांबवता आलं असतं. ते वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत येत होतं आणि समोर काळ्या मातीचा तो तुकडा दिसला की परत खाली जात होतं. खुशालरावच बोलतील, बोलायलाच पाहिजे, त्यांनीच मारलं, अशी त्या स्वतःची समजूत घालत होत्या. मनातून त्यांना हेही कळत होतं, की नवरा नेमकी हीच समजूत त्यांच्या नावाने घालत असणार.

विपुलला भाषणाची हौस. मोबाइल झाडाच्या बेचक्यात अडकवून त्याने सुरुवात केली. "आज या पंगतीत जे वाढलं जाईल, त्यात विषाचा एक थेंबही नाही. आमच्या आई-बाबांनी सुरुवातीला विरोध केला, पण आता तेही बदलले आहेत. खरी साथ त्यांचीच."

खुशालराव पत्रावळीवरची काडी काढण्यात गुंतले. काडी नव्हतीच.

"भाषन झालं असन तं वाढा आत्याबाई," देवानंद सासूला म्हणाला. गंज काठोकाठ भरलेला पाहून त्याचा चेहरा सकाळीच पडला होता, पण व्यापारी माणूस इतक्यात हार मानत नाही. भाजी पुरली तर अट पूर्ण, म्हणजे भाजी पुरताच कामा नये. त्याने दोन द्रोण पुढे केले. "मले डबलच वाढा. बिनविषाचं हाये, कितीबी खाल्लं तरी चालते."

गोदाबाईंच्या मनात क्षणभर फार वाईट विचार येऊन गेला. जावयाला चांगलं चोपून वाढावं. मग प्रणालीचं कुंकू आठवलं आणि त्यांनी डाव मागे घेतला.

"आंधी घरधनी," त्या म्हणाल्या आणि सरळ खुशालरावांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या द्रोणात भाजी ओतली. तिखट तर्रीचा लाल तवंग वर आला. "घ्या. पयला घास तुमचा. तुमी खाल्ल्याबिगर कोनी हात लावनार नाही."

मोहोडांच्या पंगतीत तशी रीतच होती, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. खुशालरावांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत दयामाया नव्हती. त्यांनी रोडगा फोडला, तुपात बुडवला आणि वरणात कालवू लागले. कालवता कालवता त्यांची बोटं भाजीच्या द्रोणापर्यंत जात आणि परत येत.

त्यांच्या मांडीला टेकून मोनाली बसली होती, प्रणालीची लेक. ती ना भाषणाला थांबली होती ना रीतीला. आजोबांच्याच द्रोणात तिने रोडग्याचा तुकडा बुडवला आणि तिखट कमी व्हावं म्हणून त्यावर फुंकर मारू लागली. एक फुंकर, दुसरी फुंकर. मग तोंड उघडलं.

"खाऊ नोको!" खुशालरावांनी तिच्या हातावर असा फटका मारला की घास धुळीत जाऊन पडला.

मोनालीने भोकाड पसरलं. प्रणाली जागची उठली. "बाबा! काय झालं तुमाले?"

"कोनी हात लावू नका भाजीले." खुशालरावांनी आपला द्रोण दूर सारला. "काल फवारलं म्या वाफ्यात. कपाशीचं औषध."

झाडाच्या बेचक्यातला मोबाइल हे सगळं इमानेइतबारे टिपत होता. विपुल त्याच्यापाशी गेला आणि त्याने तो बंद केला.

दामिनी उठली, मोनालीला कडेवर घेऊन विहिरीवर गेली आणि तिचे हात, तोंड साबणाने दोन-दोनदा धुतले. परत येऊन तिने एकेकाला विचारलं, कोणी खाल्लं तर नाही ना. कोणी नव्हतं खाल्लं. मग ती सासऱ्यांपुढे उभी राहिली.

"फक्त कालच? की आणखी काही?"

खुशालरावांनी मान खाली घातली. ते म्हातारं माणूस आता बायकोचं नाव घेईल असं गोदाबाईंना वाटलं. त्यांनी घेतलं नाही. ते नुसते पत्रावळीकडे बघत राहिले, आणि म्हणूनच गोदाबाईंना गप्प राहणं अशक्य झालं.

"युरियाबी गेला," त्या म्हणाल्या. "तो म्या टाकला. दिवाईपासून. झाडं पिवये पडले होते, मले वाटलं तू हारशील."

दामिनीने त्यांच्याकडे पाहिलं. सासूचं मन मोडल्याचे प्रसंग तिच्या आयुष्यात पुष्कळ आले होते. सासूने आपलं मन मोडलं असं तिला पहिल्यांदाच वाटलं असावं.

"म्हणजे मी इथे शेती करत नव्हतेच," ती म्हणाली. "मी फक्त ड्रम ढवळत होते. शेती तुम्ही दोघं करत होता, माझ्या पाठीमागून. आणि मी माहेरी फोन करून माझ्या बाबांना सांगायचे, जमलं म्हणून. तिकडे गेले की, त्यांना दिसत नाही म्हणून, त्यांच्या हातात वांगं देऊन सांगायचे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गोदाबाईंना सुनेच्या रडण्याचा एरवी कंटाळा यायचा. आज स्वतःची शरम वाटली.

"जाऊ द्या वहिनी," देवानंद म्हणाला. त्याचा आवाज विलक्षण प्रेमळ झाला होता. "वाईट वाटून घेऊ नका. जे झालं ते चांगल्यासाठीच झालं. तुमी मेहनत केली, पन हे आपल्यासारख्याचं काम नाही. अट तं गेली." त्याने खिशातून फोन काढला. "मी पार्टीले सांगून ठेवतो, म्हंजे मामाजीलेबी टेन्शन नाही."

"ठेवा तो फोन," प्रणाली म्हणाली.

"अवं, दोन मिनिटं..."

"तुमच्या पोरीच्या हातात होता तो घास."

"पन खाल्ला नाही ना तिनं."

प्रणाली नवऱ्याकडे बघत राहिली. अकोल्याच्या नव्या फ्लॅटची स्वप्नं तिनेच जास्त पाहिली होती. दसऱ्याला बापाच्या मागे लागणारीही तीच होती आणि सकाळी वाफ्यात हेरगिरी करणारीही तीच. पण आता ती अशी बघत होती, की देवानंदने फोन आपोआप खिशात घातला.

"ही जागा आजोबाची हाये. माहीबी सही लागते इकाले," ती म्हणाली. "ते भेटनार नाही. सांगा तुमच्या पार्टीले."

"आन फ्लॅट?"

"राहू किरायानं. आतापरेंत का झाडावर राहात होतो?"

देवानंदने सासऱ्यांकडे आधारासाठी पाहिलं. खुशालराव उठून उभे राहत होते. एका हाताने जमीन टेकत, दुसरा हात हवेत. विपुलने धरायला हात पुढे केला तो त्यांनी झिडकारला.

"अट म्या घातली, म्याच मोडली," ते म्हणाले. "मंग हारलो तं मी हारलो, पोरगी कावून हारन? तुकडा दामिनीचा. जवाईबुवा, यावर आता बोलनं नाही."

गोदाबाईंना वाटलं, झालं. जमीन राहिली. एवढं सगळं रामायण होऊन शेवटी जमीन राहिली, आणि त्यांनी देवाचे आभार मानायला म्हसोबाकडे तोंड केलं. त्यांना एवढंही सुचलं नाही की सुनेने अजून होकार दिलेला नाही.

"अशी नको मला," दामिनी म्हणाली.

"म्हंजे?"

"सेंद्रिय म्हणायला जमीन तीन वर्षं कोरी ठेवावी लागते, बाबा. काही म्हणजे काही लागता कामा नये. माझी दोन होत आली होती." तिने पदराने डोळे कोरडे केले. "आता पुन्हा पहिल्यापासून. मी घेते तुकडा. पण या वेळी अट माझी. तीन वर्षं तुम्ही दोघांनी या बांधाच्या आत पाय ठेवायचा नाही. बाबांनी नाही आणि आई, तुम्हीसुद्धा नाही."

विपुल म्हणाला, "दामिनी, अगं, आईचा सारा जन्म..."

"माहीत आहे. म्हणूनच."

गोदाबाईंच्या जिभेवर उत्तरं नेहमी रांग लावून उभी असत. माह्या सासऱ्याची जमीन, तू कोन मले अडवनारी. मी नसती तं हे विहीर नसती. तुह्या मोबाइलवाल्या बाईले इचार, सासूले बांधाबाहेर ठेवा हे कोन्या धड्यात हाये. सगळी आली आणि एकही बाहेर पडेना. देवानंदला जे साधलं नाही ते या पोरीने एका वाक्यात केलं होतं, आणि वाईट म्हणजे तिचं खरं होतं. आपण आत गेलो की आपला हात राहणार नाही, हे गोदाबाईंना स्वतःबद्दल कोणी सांगायला नको होतं.

रोडगे नुसत्या वरण-तुपाशी खाल्ले. देवानंदला अचानक भूक नव्हती. विपुलने दूर पडीक जागेत खोल खड्डा करून गंजभर भाजी त्यात ओतली आणि वर माती लोटली. खुशालराव निळा पंप घासून घासून धूत बसले, गयासुद्दीनला दोन वर्षं पुरेल इतका स्वच्छ.

जेवणं आटोपल्यावर दामिनी साडी खोचून वाफ्यात उतरली. गोदाबाई बांधावर उभ्या होत्या, बरोबर कडेला.

"तीन वर्ष," त्या म्हणाल्या. "लय होतात बाई. मी असन का तवापरेंत?"

"असायला लागेल," दामिनी मागे न बघता म्हणाली.

तिने पहिलं झाड धरलं. काळंभोर, जांभळ्या फुलांनी लगडलेलं झाड. खूप खाऊन पिऊन माजलेलं, मुळं खोल गेलेली, एकटीला उपटेना. तिने दोन्ही हातांनी जोर केला, टाचा मातीत रुतवल्या, तरी ते हलेना. हे असं सरळ ओढून येत नसतं, आधी बुडाशी हलवून सैल करायचं असतं. गोदाबाईंचे हात आपसूक पुढे झाले आणि पाय उचलला गेला.

मग त्यांनी तो परत बांधावर ठेवला.